साखर न करणारी माणसं

विज्ञानातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. श्रीगोंद्याच्या कॉलेजात मी आयुष्यभर मराठी शिकवलं. समास सोडवायला द्या, वृत्त विचारा, बसल्या जागी सांगेन. पण पेशी, रक्त, मेंदू ही मंडळी माझ्या हद्दीबाहेरची. तरीसुद्धा आज कुणी 'नॉन-कोडिंग आरएनए' म्हणालं, तर माझे कान टवकारतात आणि हातातलं काम राहून जातं. माझ्या वयाच्या बाईचं काम असल्या शब्दाने राहावं, हे काही बरं लक्षण नाही. पण त्याला मी काय करू? हे सगळं आमच्या समोरच्या घरातल्या तांबोळी मॅडमचं काम.

नसीम तांबोळी, प्राणिशास्त्राच्या. उंचीने माझ्या खांद्याला, वजनाने माझ्या निम्म्या. आवाज मात्र असा, की शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असले तर माझ्या पोरांच्या वह्यांत बेडकाचं हृदय उतरायचं. डोक्यावरचा पदर पिनेने पक्का केलेला आणि पर्समध्ये रुमालाशेजारी एक भिंग. बोलताना समोरच्याचा दंड धरायची त्यांना सवय होती. बाईंनी दंड धरला की समजायचं, आता चहा गार होणार.

आणि त्यांचा एक शब्द होता, 'बहुधा'. कशालाही सरळ हो म्हणणं बाईला ठाऊकच नव्हतं. एकदा मी त्यांच्या दारात उभी राहून विचारलं, "रशीदभाई घरात आहेत का?"

"बहुधा," मॅडम म्हणाल्या.

"अहो, नवरा घरात आहे की नाही, यात बहुधा कसलं?"

"मघाशी पाहिलं तेव्हा होते. आत्ताचं मी न बघता कसं सांगू?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आतून रशीदभाईंचा आवाज आला, "हाय मी, हाय! या ताई, आत या. मॅडमचं काय ऐकता?"

रशीदभाई म्हणजे त्यांचे मिस्टर. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. शांत माणूस, हसरा, मान जरा तिरकी ठेवून ऐकणारा. सगळं गाव बायकोला मॅडम म्हणतं म्हणून तेही मॅडमच म्हणायचे. "आमच्या मॅडमनी आज खिमा केलाय", "आमच्या मॅडमचा आज मूड न्हाई", असं. आधी चेष्टेत सुरू झालं असणार, पुढे तेच नाव पडलं.

दोघं रिटायर झाले आणि थोड्याच काळात रशीदभाई विसरायला लागले. आधी चष्मा, किल्ली, मग गॅस. ते तर माझंही होतं. पण एकदा ते स्वतःच्या अंगणात उभं राहून मला म्हणाले, "ताई, तांबोळ्यांचं घर कुठलं हो?" मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले. ते हसले नाहीत.

नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, स्मृती कमी होत जाणारा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल. गोळ्या देतो, आणि चालणं-फिरणं ठेवा, त्याने मेंदूला फायदा होतो. दुसरी कुठलीही बाई गोळ्यांची पिशवी घेऊन रडत घरी आली असती. आमच्या बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "का होतो? पाय चालतात, त्याचा मेंदूला काय संबंध?" डॉक्टर म्हणाले, होतो फायदा. एवढ्यावर गप्प बसतील तर त्या मॅडम कसल्या. तिथून त्या मोबाईलवर वाचत सुटल्या.

पावसाळ्यातल्या एका सकाळी त्या माझ्या ओट्यावर आल्या आणि दंड धरला. डोळे सुजलेले.

"शिंदे बाई, मी पोरांना खोटं शिकवलं."

मी म्हटलं, झालं! रशीदभाईंच्या काळजीने बाई खचल्या. पण भानगड वेगळीच होती. मॅडम वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या, की डीएनएतला थोडाच भाग कामाचा, त्यावरून शरीरातली प्रथिनं बनतात. उरलेला सगळा कचरा. आता वाचताना त्यांना कळलं, की त्या कचऱ्यातल्या पुष्कळ भागावरूनही आरएनए नावाच्या नकला निघतात. त्या प्रथिनं बनवत नाहीत, पण त्यातल्या काही भलतीच कामं करतात. त्याच नॉन-कोडिंग.

"म्हणजे काय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कारखाना घ्या. साखर कोण करतं? आतली मशीनवरची माणसं. आमचे हे काट्यावर बसायचे. यांनी जन्मात साखरेचा दाणा केला का?"

"नाही."

"पण यांनी हात वर केला की ट्रॅक्टर थांबायचा. हात खाली केला की आत जायचा. साखर न करणारी माणसंच ठरवतात, कुठलं काम कधी चालायचं आणि कधी थांबायचं. तसे हे आरएनए. माणूस चालला, पळाला, की स्नायूंतून त्यातले काही रक्तात उतरतात, बारीक पुड्यांत बांधून. त्यातले काही मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशींना सांगतात, वाढा, जुळा, टिकून राहा."

"पोचतात?"

"बहुधा," मॅडम म्हणाल्या आणि माझा दंड सोडला. "उंदरांमध्ये तरी तसं दिसलंय. माणसांचं अजून नक्की नाही. जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो हो. एक म्हणतो हा आरएनए वाढला की चांगलं, दुसरा म्हणतो कमी झाला की चांगलं."

त्यांचा गोंधळ वाढला तर माझ्या गोंधळाचं काय विचारता! पायातल्या पुड्या डोक्यात, आणि डोक्यात गेल्यावर त्या बोलणार. मी मान हलवत राहिले. मराठीच्या शिक्षकाला मान हलवता येते.

पण बाईंना ती चूक सोडवेना. त्यांनी काय करावं? जुने विद्यार्थी दिसतील तिथे गाठून धडा दुरुस्त करायला सुरुवात केली. बँकेत, दवाखान्यात, एसटी स्टँडवर. पोपट नावाचा त्यांचा एक विद्यार्थी मार्केट यार्डात कांद्याचा आडत्या आहे. मी आणि त्या भाजी घ्यायला गेलो होतो. लिलाव ऐन रंगात, पोपट कांद्याच्या ढिगावर उभा राहून भाव पुकारतोय. मॅडम सरळ शेतकऱ्यांच्या घोळक्यात घुसल्या.

"पोपट! मी तुला शिकवलं होतं, डीएनएचा मोठा भाग कचरा असतो. आठवतंय?"

लिलाव बंद. पोपट ढिगावरून खाली उतरला, चप्पल शोधायला लागला. बाईंसमोर उंचावर उभं राहायची त्याची हिंमत नव्हती. "व्हय मॅडम," तो म्हणाला. आठवत कशाला असेल?

"ते चूक होतं. कचरा नाही. त्यातल्या काही भागाला काम आहे."

"बरं मॅडम. मग आता म्या काय करू?"

"काही नको. फक्त लक्षात ठेव."

"पेपर तर कवाच झाला मॅडम. मी नापास बी झालो."

"या प्रश्नात नाही ना झालास?" बाईंनी खरोखर काळजीने विचारलं.

मागून एक म्हातारा शेतकरी ओरडला, "ऐकलं का शेठ? मॅडम म्हनत्यात कचरा न्हाई! मग माजी चिंगळी बी घ्या की चांगल्या भावात!" चिंगळी म्हणजे सगळ्यात बारीक कांदा, जो कुणी घेत नाही. सगळं यार्ड हसलं. पोपटही हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या ढिगातली एक चिंगळी उचलली, भिंगाखाली धरून बघितली आणि ठेवून दिली. घरी येताना मला म्हणाल्या, "शिंदे बाई, मी चुकीचं शिकवलं त्याचं काही नाही. पण हे जे नवीन वाचतेय, ते तरी खरं निघू दे."

"आणि नाही निघालं तर?"

"मला बाकी काही नको. यांनी मला ओळखत राहावं, एवढंच हवंय."

इतकं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यात बहुधा नव्हतं.

मग चालणं सुरू झालं. रोज सकाळी दोघं निघायचे, बाई पुढे, रशीदभाई मागे. आता मॅडम शास्त्राच्या. नुसतं चालून त्यांचं समाधान कसं व्हावं? त्या म्हणाल्या, याला प्रयोग म्हणायचं तर एक कंट्रोल पाहिजे. म्हणजे असा एक माणूस, जो चालणार नाही.

"असा कोण मिळणार?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मला डायबेटिस. माझा डॉक्टर दर महिन्याला ओरडतो, बाई, चाला! आणि इकडे एक प्राणिशास्त्राची बाई मला हात जोडून सांगतेय, कृपा करून बसून राहा. सांगा, माणसाने कुणाचं ऐकावं? मी अर्थातच मॅडमचं ऐकलं. शास्त्राला मदत होते आणि खुर्चीही सुटत नाही, असं पुण्य पुन्हा कधी मिळायचं? पण बाई कडक. एकदा मी दुधाला पायी गेले, तर भर रस्त्यात बोलल्या, "शिंदे बाई, प्रयोग बिघडवता तुम्ही!" दूधवाल्याला काही कळेना. त्याला वाटलं, आमचं दुधात पाणी मोजायचं चाललंय.

आठवड्याला परीक्षा असायची. मॅडम ताटात लिंबू, कंगवा, सुई, किल्ली असल्या वस्तू मांडायच्या, थोडा वेळ बघू द्यायच्या आणि वर रुमाल टाकायच्या. मग रशीदभाईंनी आणि मी आळीपाळीने आठवून सांगायचं. एकदा रशीदभाईंनी धडाधड सगळं सांगितलं आणि मी लिंबावरच अडकले. रशीदभाई खुशीत. मॅडम आनंदाने लाल, पण दुसऱ्या क्षणी चेहरा पडला.

"हे चालण्याने सुधारले, की तुम्ही बसून बिघडलात? का आज तुमचं लक्षच नव्हतं?"

"लक्ष चहाकडे होतं," मी खरं सांगितलं.

"मग यातून काय समजायचं?"

काय समजायचं! मला तर आपण आजारी आहोत की रशीदभाई, हेच समजेना. त्या दिवसापासून मी आठ दिवस घरातल्या वस्तू मोजत फिरत होते. मॅडमना मात्र आशा लागली. बाईच्या चालीत फरक पडला. त्या पुढे पाहून चालायच्या आणि मधूनच मागे वळून रशीदभाईंकडे बघून हसायच्या. इतक्या वर्षांत त्यांना रस्त्यात हसताना मी पाहिलं नव्हतं.

रशीदभाईंचे पाय भलतेच तयार झाले. पोटऱ्या कशा, पैलवानासारख्या. आणि इथेच बाईंची चूक झाली. चालायला सपाट रस्ता हवा म्हणून त्यांनी कारखान्याचा रस्ता धरला होता. रोज तोच रस्ता, तेच वळण, कारखान्याच्या अलीकडच्या वडापाशी जायचं आणि परत फिरायचं. बदलला तर प्रयोगात आणखी एक फरक पडेल, म्हणून बदलायचा नाही. डोक्यासाठी चालवलेल्या माणसाच्या पायांना रस्ता पाठ झाला.

थंडीचे दिवस, उसाचा सीझन सुरू. मॅडम तापाने पडल्या होत्या. औषध घेऊन डोळा लागला आणि उठून पाहतात तर रशीदभाई घरात नाहीत. त्या पदर न घेता माझ्या दारात आल्या. "शिंदे बाई, हे गेले." एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या.

मी पोपटला फोन केला. तो लिलाव टाकून पिकअप घेऊन आला. स्टँड पाहिला, मशिदीत विचारलं, दवाखाना पाहिला. मॅडम गाडीत मध्ये बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर, कुणाचा दंड धरत नव्हत्या. मग पोपटच म्हणाला, "मॅडम, रोज कुनीकडं फिरायला न्हेता?" त्यावर मॅडमनी डोळे मिटले.

कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग. आणि रांगेच्या तोंडाशी रशीदभाई. मान तिरकी, हात वर. हात खाली आला की एक ट्रॅक्टर काट्यावर चढायचा. ड्रायव्हर मुकाट ऐकत होते. काट्यावरचा नवा माणूस आम्हाला म्हणाला, "काका सकाळधरनं हितंच हायेत. म्या म्हनलं, बसा, च्या घ्या. त्यांनी रांगच लावायला घेतली. खरं सांगू, आज कुनाची भांडनं झाली न्हाईत."

रशीदभाईंनी आम्हाला पाहिलं. मी मॅडमच्या मागे सरकले, ओळखतात की नाही कोण जाणे.

"मॅडम!" ते म्हणाले. "तुमी कशाला आलात इकडं? आज लई गर्दी हाय. जेवायला उशीर हुईल, पोराला जेवू घाला."

पोराला म्हणजे इमरानला. इमरान पुण्यात नोकरी करतो, त्याचे केस पिकायला लागलेत.

परत येताना मॅडमनी माझा दंड धरला, इतका घट्ट की नंतर वळ उठला. "शिंदे बाई, तुम्ही भाषेच्या. सांगा मला, याला विसरणं म्हणायचं की आठवणं? रिटायर झालोय हे विसरले. पण इतका लांब रस्ता बरोबर गेले. काम बरोबर केलं. मला ओळखलं. मग माझ्या चालवण्याने यांचं भलं झालं की वाटोळं झालं?"

मी म्हटलं, "अहो, सापडले ना? तेवढं पुरे." त्यांनी मान फिरवली. माझं उत्तर त्यांना आवडलं नाही, मलाही आवडलं नाही.

रात्रीची बस पकडून इमरान आला. पोरगा चांगला आहे, पण घाबरला होता. "अम्मी, बास झाले प्रयोग. अब्बूंना घरात ठेव. बाहेरून कडी घाल. पायात ताकद आली म्हणून तर गेले ना ते?" चूक काय होतं त्याचं? बाईंनी दाराच्या कडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कडी घातली तर ते माझ्याकडे बघतील तेव्हा त्यांना कडी घालणारी बाई दिसेल. तसं ओळखलेलं मला नकोय."

चालणं बंद झालं नाही. रस्ता बदलला. आता कालव्याच्या कडेने, आणि पुढे-मागे नाही, हातात हात. आमच्या तालुक्याच्या गावात साठीपुढचं जोडपं हात धरून फिरतं म्हटल्यावर लोक बघणारच. एकजण बोललासुद्धा, काय मॅडम, म्हातारपणी? मॅडम म्हणाल्या, "तरुणपणी वेळ नव्हता."

पण आजार काही ऐकत नव्हता. एका परीक्षेच्या दिवशी मॅडमनी ताट मांडलं. रशीदभाईंनी सगळ्या वस्तूंकडे नीट बघितलं आणि अदबीने विचारलं, "यातलं म्या काय घ्यायचंय?" मॅडमनी रुमाल टाकला नाही. ताट उचलून आत नेलं, वस्तू जागच्या जागी ठेवल्या आणि चहा टाकला.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "मॅडम, मग आता प्रयोग?"

"चालू आहे," त्या पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "निकाल मात्र मला नको. न चालता कदाचित हे मागच्याच वर्षी असे झाले असते. कदाचित चालूनही काही फरक पडला नसेल. दुसरे रशीद तांबोळी कुठून आणू ताडून बघायला?" आणि मग एकदम रडल्या. आवाज न करता. एवढ्या आवाजाच्या बाईला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी गॅस बारीक केला, चहा उतू चालला होता.

वर्ष सरता सरता इमरानने हट्टच धरला आणि दोघांना पुण्याला न्यायचं ठरलं. जायच्या आदल्या सकाळी मी कालव्याच्या पुलावर कठड्याला टेकून बसले होते. ते दोघं समोरून आले, हातात हात. मला बघून रशीदभाई थांबले. मॅडमचा हात सोडून माझ्याजवळ आले आणि वाकून हळूच बोलले. ते काय विसरले नि काय नाही, देव जाणे. पण मी गावातली आहे, एवढं त्यांना समजत होतं.

"ताई, एक सांगू? ह्या बाई लई चांगल्या हायेत. रोज मला फिरायला आनत्यात. पर घरी आमच्या मॅडमला सांगू नका. तिला वाटंल, मी दुसऱ्या बाईचा हात धरून फिरतो."

हळू बोलले, पण मॅडम दोन हातांवर होत्या. त्यांनी ऐकलं. मला हसू फुटत होतं आणि रडूही, आणि दोन्ही आवरताना माझं तोंड कसं झालं होतं कुणास ठाऊक. मॅडम पुढे आल्या. मला वाटलं, आता या त्यांना सांगणार, की अहो, मीच ती.

त्यांनी विचारलं, "फार रागीट आहेत का तुमच्या मॅडम?"

रशीदभाईंनी मान तिरकी केली. विचार केला. "रागीट न्हाई," ते म्हणाले. "पर तिला माझ्याबिगर कोन हाय? तिचं मन दुखवायचं न्हाई मला."

मॅडमनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "नाही सांगणार कुणी. चला, उन्हं चढतील." आणि त्यांनी हात पुढे केला. रशीदभाईंनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि मगच तो धरला.